विषयाला सोडून

३ फेब्रुवारी, सोमवार

गुरुवारपासून आमच्या घरी आरोग्यकेंद्राच्या एक बाई येणार आहेत. बाहेरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांसाठी केंद्राची योजना आहे. एकालाच बरं नसलं तरी सगळ्या घराने एकत्र बसून बोलायचं, सहा गुरुवार. आमच्या घरात बरं नसलेली व्यक्ती म्हणजे आई. रोज काय दिसतं ते कोणीतरी टिपून ठेवावं अशी सूचना आहे. ते मी इथल्या भाषेत वेगळं लिहिते. ही वही माझी.

पार्श्वभूमी अशी. बाबा गेल्या वर्षी वारले. तेव्हा माझा राहण्याचा परवाना नूतनीकरणाला दिलेला होता. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. दादा तिकडे गेला आणि सगळं उरकून आईला घेऊन आला. बाबा गेल्याचं कळलं त्या दिवशी मी कामाची पाळी पूर्ण केली, कारण बदली माणूस नव्हता.

आईची लक्षणं: घराबाहेर पडत नाही. नळ सोडून न्हाणीघरात रडते. संध्याकाळ झाली की खिडकीपाशी उभी राहते आणि मी घरात येईपर्यंत तिथून हलत नाही. डॉक्टरांकडे मीच नेलं. दुभाष्यासाठी महिनाभर थांबावं लागलं असतं, म्हणून भाषांतरही मीच केलं. आई घाबरली होती, भलतीकडेच जात होती. डॉक्टरांना उपयोगी होतं तेवढं मी सांगितलं.

दादाचं म्हणणं, "या सहा बैठका होऊ देत. फरक पडला नाही तर मी तिला मामाकडे पोचवून येतो. इथे चार भिंतींत डांबून काय मिळवतोय आपण?" मामाकडे जागा आहे, पण मामीच्या घरात आई म्हणजे उपऱ्यासारखीच राहणार. आई जाता कामा नये. त्यासाठी बैठका नीट पार पडल्या पाहिजेत. ते काम माझं आहे.

वहिनी म्हणाली, "बाई बघायला येणार म्हणजे घर आवरणं आलं. आईंना बरं वाटेपर्यंत माझी कंबर गेलेली असेल."

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली बैठक. बाईंच्या खांद्यावर एवढी मोठी बॅग होती की दारातून आधी ती आत आली. वहिनीने लगेच नाव पाडलं, बॅगवाल्या बाई. दादा-वहिनी सोफ्यावर, आई खुर्चीत, पाठ खिडकीला टेकणार नाही अशी तिरकी. मी आई आणि बाईंच्या मध्ये स्टुलावर. दादाला गोदामापुरती भाषा येते, वहिनीला दुकानापुरती. त्यामुळे सगळं माझ्यातून जाणार होतं.

बाईंनी विचारलं, दिवसातली सगळ्यात अवघड वेळ कोणती?

आई म्हणाली, "संध्याकाळ. ही येते आणि बूट न काढता त्या पॅसेजमध्ये उभी राहते. दिवा लावत नाही. हाक मारली की 'आले' म्हणते आणि उभीच. जेवते ती ओट्याशी, उभ्याने. काय जेवलीस म्हणून विचारा तिला, सांगता यायचं नाही. आणि मी काही बोलले की म्हणते, आई, तू दमलीयेस, पड जरा."

मी सांगितलं, "त्यांना संध्याकाळी जड जातं."

बाई गेल्यावर दादा म्हणाला, "आई एवढी बोलली आणि तू एका वाक्यात गुंडाळलंस?"

"बाकीचं विषयाला सोडून होतं."

"मग 'आई, तू पड जरा' हे तरी सांगायचंस," वहिनी म्हणाली. "दिवसातून चारदा ऐकतो आम्ही ते."

११ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर एक बिघाड. लिहून ठेवते.

औषधाच्या कारखान्यात स्वच्छ खोल्यांची हवा तपासणं हे माझं काम आहे. दाब, गाळण्या, दारं. आत शिरताना दोन दारांच्या मधल्या लहानशा जागेतून जावं लागतं, तिला एअरलॉक म्हणतात. दोन्ही दारं एकाच वेळी कधीही उघडत नाहीत. मागचं पूर्ण बंद झालं, दाब जुळला की पुढच्या दारावरचा दिवा हिरवा होतो. मग ते ढकलायचं.

आज मागचं बंद झालं आणि पुढचं उघडलं नाही. मी मध्ये उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण आत घड्याळ नेत नाही. शेवटी मिशीवाल्या फिटरने आतल्या बाजूने दार ओढलं. म्हणाला, "काचेतून बघतोय केव्हाचा. हलत का नाही तुम्ही?"

मी म्हटलं, दार अडकलं. तो म्हणाला, दिवा हिरवा होता. हिरवा दिवा म्हणजे कुलूप सुटल्याचा पुरावा नव्हे, सेन्सर चुकीचं सांगू शकतो. सेन्सर बदलायची मागणी नोंदवली.

घरी यायला उशीर झाला. आई खिडकीत होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाईंनी वेगळाच प्रकार केला. वहिनीकडून चहाचे चार कप मागून घेतले, रिकामे. प्रत्येक कप म्हणजे घरातलं एक माणूस, आणि मधलं टेबल म्हणजे घर. रोज जसं असतं तसे कप मांडायचे.

दादाने चारही कप एका ओळीत ठेवले. वहिनी म्हणाली, "ही काय पलटण आहे?" तिने स्वतःचा कप मोरीच्या दिशेला ठेवला आणि दादाचा आडवा पाडला. "हे झोपलेत." बाई हसल्या. हे भाषांतर न करताही कळलं.

आईने मात्र वेळ घेतला. दादा-वहिनीचे कप जवळजवळ. स्वतःचा टेबलाच्या काठाशी, खिडकीकडे. मग माझा कप हातात घेऊन ती उठली आणि तो टीव्हीच्या मागे, वायरींच्या गुंत्यात नेऊन ठेवला.

बाईंनी विचारलं, तिथे का?

"ती तिथेच असते," आई म्हणाली. "घरात येते, पण आत येत नाही. मी तिच्याकडे जायला बघते तर मध्ये सगळं काहीतरी असतंच."

मी सांगितलं, "मी यंत्रांचं काम करते, कामाचा व्याप मोठा आहे, असं त्या म्हणतायत."

तात्पर्य तेच आहे.

वहिनीने कप परत घेताना माझ्यावरचा वायरींचा धुरळा पुसला. म्हणजे माझ्या कपावरचा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सेन्सर बदलला. फिटरने माझ्यासमोर दहा-पंधरा वेळा दार उघडून-लावून दाखवलं. सेन्सर नवा असो की जुना, दार उघडत होतं.

"जुनाही चांगलाच होता," तो म्हणाला. "खरं सांगा, तुम्ही ढकललं होतं ना?"

मी म्हटलं, अर्थात.

तो गेल्यावर आठवून पाहिलं. ढकलल्याचं आठवत नाही. न ढकलल्याचंही आठवत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिसरी बैठक. दादाला पाळी बदलून मिळाली नाही. बाईंनी बाबांबद्दल विचारलं. आई पुष्कळ बोलली आणि रडली. ते मी पूर्ण सांगितलं. ते विषयाशी संबंधित होतं. शेवटी आई बाईंना म्हणाली, "माझं मी रडून घेते. हिला विचारा, ही कधी रडणार?" बाई माझ्याकडे बघत थांबल्या. मी म्हटलं, "त्या म्हणतायत, रडल्यावर बरं वाटतं."

२३ फेब्रुवारी, रविवार

मामाचा फोन. दादाने स्पीकरवर टाकला. मामा म्हणाला, "पाठवून दे खुशाल. वरची खोली रिकामीच आहे. तिला काय लागतं, दोन वेळचं जेवण."

दादाने मार्चअखेरची तिकिटं बघायला घेतली. मला वाटलं होतं आई हरखेल. इकडे करमत नाही, भाषा कळत नाही, बाहेर पडवत नाही. तिकडे सगळं ओळखीचं. पण ती म्हणाली, "मी जाणार नाही."

"अगं, मग तुला हवंय तरी काय?" दादाचा आवाज चढला. "इथे रोज खिडकीत उभी राहून रडतेस, जा म्हटलं तर जात नाहीस."

"खिडकीत उभी असताना मी रडत नाही," आई म्हणाली. "रडायचं ते न्हाणीघरात. खिडकीत मला लक्ष ठेवायचं असतं."

"कशावर? गाड्यांवर?"

वहिनी दादाला म्हणाली, "तुम्ही ना, विचारता ते पण अंगावर धावून." मग माझ्याकडे बघून थांबली, आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

आईचं वागणं लक्षणांशी जुळत नाही. जिला इथून सुटायचं असायला हवं, ती सुटायला नको म्हणते. बाईंना सांगावं का? सांगितलं तर प्रकृती सुधारत नाही असा अर्थ निघेल. नाही सांगितलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चौथी बैठक. बाईंनी आईला गृहपाठ दिला. रोज संध्याकाळी कोणाच्या तरी सोबतीने कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं. आई लगेच म्हणाली, "सकाळी सांगा, दुपारी सांगा. संध्याकाळी नको. संध्याकाळी मला खिडकी सोडता यायची नाही. ही बसमधून उतरते ना, ती उतरून घरी येत नाही. त्या बाकावर बसून राहते. बस जातात, माणसं जातात, ही बसलेलीच. थंडी असो, पाऊस असो. मला इथून दिसतं. वाटतं खाली जावं. पण मी खाली उतरेपर्यंत ती उठून दुसरीकडे कुठे गेली तर?"

बाकावर मी बसते हे खरं आहे. दिवसभर उभं राहून पाय दुखतात.

मी सांगितलं, "त्यांना संध्याकाळ सोडून दुसरी कुठलीही वेळ चालेल."

बॅगवाल्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "आई एवढा वेळ बोलतात, आणि तुमच्याकडून मला एवढंसंच मिळतं."

"इथली भाषा आटोपशीर आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत.

६ मार्च, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

बाईंनी बसल्याबसल्या सांगितलं की यापुढे भाषांतर घरच्या माणसाने करायचं नाही, फोनवरून दुभाषी करतील. मी म्हटलं, गरज नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या कामाला नावं ठेवत नाही मी. पण तुम्हीही या घरातल्या आहात. तुम्हाला नुसतं बसायला मिळालं पाहिजे."

मला स्टुलावरून उठवून सोफ्यावर दादाच्या शेजारी बसवलं. स्टुलावर फोन ठेवला.

फोनवरच्या बाईंचा आवाज घरगुती होता, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. आधी आईशी बोलल्या. "नमस्कार ताई. मी दुभाषी. तुम्ही बोलाल ते सगळं मी तसंच्या तसं सांगेन. माझ्या मनाचं काही घालणार नाही आणि काही गाळणार नाही. चालेल ना?"

"चालेल नाही, धावेल," आई म्हणाली. फोनवरून हसू ऐकू आलं. मग ते त्यांनी खरंच तसंच्या तसं सांगितलं. इथल्या भाषेत त्याला काही अर्थ नव्हता, पण सांगितलं.

बाईंनी पहिल्या दिवशीचाच प्रश्न विचारला. अवघड वेळ कोणती?

आईने पॅसेज सांगितला. ओटा सांगितला. बाक सांगितला. मधूनमधून थांबत होती, फोनला वेळ द्यायला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. फोनवरच्या बाई 'मी' म्हणून बोलत होत्या, 'माझी मुलगी' म्हणत होत्या. नियमानुसार ते बरोबर आहे.

प्रत्येक गोष्ट मी दोनदा ऐकली. मराठीत ती आईची नेहमीची कुरकुर होती. इथली भाषा मी फक्त कामाला वापरते, बिघाड ऐकायला आणि बिघाड लिहायला. त्या भाषेत तीच वाक्यं आली तेव्हा ती तपासणी अहवालासारखी वाटली. खोलीत उभी राहते. हाकेला प्रतिसाद देते पण हालचाल करत नाही. भूक कळत नाही. अहवालात दोष नव्हता. मीही असाच लिहिला असता.

मग आई म्हणाली, "हिचे बाबा गेल्याचं हिला कामावर कळलं. ही काम संपवून घरी आली, जेवली, सगळ्यांची भांडी घासली. सुनेने सांगितलं मला. त्यानंतर आजतागायत हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही. मला रडू येतं, नवरा गेलाय माझा, येणारच. माझी काळजी नका करू. डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी हेच सांगायला गेले होते, की माझ्या मुलीला बघा. त्यांनी मलाच गोळ्या लिहून दिल्या."

फोनवरच्या बाईंनी तेवढंच सांगितलं. कमी नाही, जास्त नाही.

दादाने मान वर करून विचारलं, "डॉक्टरकडे भाषांतर कोणी केलं होतं?"

त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. फोनवरच्या बाईंना तेवढं माहीत नव्हतं. त्यांनी तोही प्रश्न बॅगवाल्या बाईंना भाषांतर करून सांगितला.

"आणि मी का जात नाही म्हणतो हा," आई दादाकडे बोट दाखवून म्हणाली. "मी गेले तर त्या खिडकीत कोण उभं राहणार? तू?"

माझ्या आणि दादाच्यामध्ये सोफ्याची उशी होती, ती त्याने उचलून मांडीवर घेतली.

मला कोणी काही विचारलं नाही. मी उठून जाऊ शकले असते. दार उघडं होतं. उठले नाही.

७ मार्च, शुक्रवार

आईशी बोलले नाही. तीही बोलली नाही. रात्रीचं ताट ओट्यावर न ठेवता तिने टेबलावर वाढून ठेवलं. मी ते ओट्यावर नेऊन जेवले. काय होतं ते आत्ता लिहायला बसले तर आठवत नाही.

११ मार्च, मंगळवार

एअरलॉक. मागचं दार बंद झालं. या वेळी ठरवून लक्ष ठेवलं.

दाब जुळला. दिवा हिरवा झाला. कुलूप सुटल्याचा टक असा आवाज येतो, तोही ऐकला. मी माझ्या हाताकडे बघितलं. हातमोज्यात होता, खाली होता. त्याला वर यायला सांगितलं. तो आला नाही. थकवा नव्हता, वेदना नव्हती. पुढचं दार दिसत होतं, त्याच्या काचेतून आतली माणसं दिसत होती, आणि मागे वळावं असंही वाटत नव्हतं. एवढंच होतं की मी तिथे होते.

काचेपलीकडे मिशीवाला आला. त्याने लगेच दार ओढलं नाही. बोटाने काचेवर टकटक केलं, स्वतःचा तळवा दारावर ठेवून दाखवला. मी बघत राहिले. मग त्यानेच उघडलं.

"दारात काही दोष नाही," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

बाबा गेल्याचा निरोप मला एअरलॉकमध्ये मिळाला असं म्हणणं अचूक नाही. तो बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत मिळाला. फोन आत नेता येत नाही. तो कपाटात ठेवला, झगा घातला, टोपी, मुखपट्टी, हातमोजे. मग एअरलॉक. मागचं दार बंद झालं. त्या दिवशी पुढचं ढकललं होतं, नाहीतर पाळी पूर्ण कशी झाली असती?

बस थांब्यावर उतरले. बाकावर न बसता उभं राहून वर बघितलं. आमची खिडकी तिथून स्पष्ट दिसते. इतके महिने मला हे माहीत नव्हतं. आई होती. तिने हात हलवला नाही. ओळखलं की नाही कळू दिलं नाही. मी बाकावर बसले. मग उठले.

१३ मार्च, गुरुवार

सहावी बैठक. दादाने रजा घेतली होती. बाई यायच्या आधीच म्हणाला, "मामाला कळवलंय मी. आई इथेच राहणार." आई म्हणाली, "उपकार झाले." पण तिने त्याच्या चहात साखर घातली, जी एरवी त्याला कोणी घालू देत नाही.

बॅगवाल्या बाईंनी सांगितलं, केंद्र आणखी सहा गुरुवार देऊ शकतं. पण कोणासाठी ते घराने सांगायचं.

सगळे माझ्याकडे न बघण्याची काळजी घेत होते. वहिनीला ते जमलं नाही. "दोघींचं एकदमच उरका," ती म्हणाली. "घर मी दर गुरुवारी आवरतेच आहे." फोनवरच्या बाईंनी भाषांतर केलं. बाई हसल्या, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी इथल्या भाषेत सुरुवात केली. माझं काम व्यवस्थित चालू आहे, गैरहजेरी नाही, झोप समाधानकारक.

त्यांनी हात वर केला. "तुमच्या भाषेत सांगा. भाषांतर करायला फोनवर आहेत त्या."

"मला ही भाषा उत्तम येते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

फोनमध्ये आज कुकर नव्हता, कुठेतरी नळ वाहत होता, तो बंद झाला. आई तिच्या खुर्चीत होती. खुर्ची आज सरळ होती, पाठ खिडकीकडे. उजेड कमी होत चालला होता तरी तिने मागे वळून बघितलं नाही. वहिनीने उठून दिवा लावला आणि पुन्हा बसली.

"सावकाश बोला," फोनवरच्या बाई मराठीत म्हणाल्या. "मी आहे."

मी म्हटलं, "एअरलॉकच्या दारात बिघाड नाही."

"एअरलॉक म्हणजे?" त्यांनी विचारलं. "मला नीट सांगता यायला हवं."

"दोन दारांच्या मधली जागा. मागचं बंद झालं की पुढचं उघडतं. ते उघडतं. हिरवा दिवा लागतो, आवाज येतो. मीच ढकलत नाही. मी मध्येच उभी राहते. घरी आल्यावर पॅसेजमध्येही. बाकावरही."

त्यांनी सांगितलं. मी सवयीने एकेक शब्द तपासत गेले. काही गाळलेलं नव्हतं. काही घातलेलं नव्हतं. दुरुस्ती करण्यासारखं एकही वाक्य सापडलं नाही.

मग फोनमधून आवाज आला, "झालं, की अजून आहे?"

"अजून आहे," मी म्हटलं.